कोपरकर मास्तरांचे चार फड

कोपरकर मास्तर धुळ्यात बावीस वर्षं राहिले आणि त्या बावीस वर्षांत पांझरेच्या पाण्यात त्यांनी पायाचा अंगठासुद्धा बुडवला नाही. त्यांचं बिऱ्हाड नदीच्या दक्षिणेला, शाळा दक्षिणेला, स्टेशन दक्षिणेला. पलीकडे देवपुरात त्यांचं काही काम नव्हतं, आणि काम नसताना नदी ओलांडणं हे त्यांच्या मते गुराख्याचं लक्षण होतं. तरीही पांझरेबद्दल आमच्या शाळेत अखेरचा शब्द त्यांचाच. तिचा उगम, तिची वळणं, तिच्या उपनद्या, तापीशी तिचा संगम, सगळं तोंडपाठ. डोळे मिटून फळ्यावर तापी काढायचे, तिला दक्षिणेकडून येणाऱ्या पांझरा, बोरी, गिरणा, वाघूर, पूर्णा अशा एकेक नद्या जोडायचे, आणि मग डोळे उघडून भिंतीवरच्या नकाशाशी ताडून पाहायचे. नकाशा बरोबर आहे अशी खात्री झाली की हात झटकून खुर्चीवर बसायचे.

मी त्या शाळेत सहा वर्षं त्यांच्या हाताखालचा शिक्षक होतो. मी वडखेड्याचा पाटील. धुळ्याहून पांझरेच्या काठाकाठानं वर चालत निघालं तर अर्ध्या दिवसात आमचं गाव लागतं. मास्तर मूळचे कोकणातले, राजापूरकडचे. चाळीसगावला गाडी बदलून ते पहिल्यांदा धुळ्याला उतरले तो वैशाख होता. टांगेवाल्याला त्यांनी विचारलं, "नदी कुठे आहे?" त्यानं चाबकानं दाखवली. मास्तरांनी छत्री कपाळावर आडवी धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ही वाळू झाली. मी नदी विचारतोय." ही हकीकत ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना नदीनं त्यांना फसवल्याचा राग दर वेळी नव्यानं यायचा.

मास्तरांना डावं-उजवं नव्हतं, फक्त दिशा होत्या. वर्गातली मुलं उत्तरेला तोंड करून बसलीच पाहिजेत, म्हणजे फळ्यावरची पूर्व आणि खरी पूर्व एक होते. पंगतीत बसले की वाढप्याला म्हणायचे, "पश्चिमेकडची चटणी वाढा." त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणायचो. त्या बिचाऱ्या या भाषेत इतक्या तयार झाल्या होत्या की मास्तर घरात आहेत का असं विचारलं तर सांगायच्या, "आहेत ना, वायव्येला निजलेत." नवा माणूस भेटला की मास्तर नाव विचारायच्या आधी विचारायचे, "तुमचा उगम कुठला?" लग्नपत्रिका आली की म्हणायचे, "संगम कधी आहे?" पोरांनी त्यांचं नाव उगममास्तर ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, असं मला वाटतं.

साक्रीजवळ पांझरेला कान नावाची नदी मिळते. हा निसर्गानं मास्तरांवर केलेला उपकार होता. "पांझरेची उपनदी कोणती?" असं विचारत ते पोराजवळ जायचे आणि उत्तर यायच्या आत त्याचा कान धरायचे. पोरगं कळवळून "कान! कान!" ओरडायचं. मास्तर म्हणायचे, "शाबास, बरोबर," आणि तरी सोडायचे नाहीत, कारण संगमाचं गाव सांगायचं राहिलेलं असायचं.

त्यांच्या मते जगातल्या कुठल्याही नदीचे उपयोग सात. पिणे, स्नान, धुणे, शेती, मासे, वाळू आणि नौकानयन. सहा म्हटले तर शून्य गुण. एकदा एका धीट पोरानं उभं राहून विचारलं, "गुरुजी, पांझरामा नाव कथी शे?" पोराचं बरोबर होतं. धुळ्याच्या पांझरेत कार्तिकानंतर म्हैस बसली तर तिची पाठ कोरडी राहते, तिथे नाव कुठून येणार? मास्तरांनी छत्रीचं टोक जमिनीवर आपटलं. मग म्हणाले, "नाव नसेल. उपयोग आहे." पुढच्या परीक्षेत सगळ्या वर्गानं नौकानयन लिहिलं.

त्या पोराच्या प्रश्नातला 'शे' मात्र मास्तरांना जास्त झोंबला. आमच्या खानदेशी बोलीत 'आहे' ला 'शे' म्हणतात, आणि हा 'शे' उपटून काढण्यासाठीच आपली धुळ्याला नेमणूक झाली आहे असं मास्तर धरून चालले होते. "शे म्हणजे शंभर," ते ओरडायचे. "पाणी शे नाही, पाणी आहे! शे दिसला तिथे आहे म्हणायचं!" पोरांनी हे मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी अंकगणिताच्या तासाला एकानं फळ्यावरची बेरीज मोठ्यानं वाचली, "दोन आहे अधिक तीन आहे बरोबर पाच आहे." मी शेजारच्या वर्गात होतो. इतका हसलो की मला पाणी प्यावं लागलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पोराचा कान धरला.

मीही त्या 'शे' मधून सुटलो नव्हतो. शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले होते. त्यांनी मला नकाशांची खोली कुठे ते विचारलं आणि गडबडीत माझ्या तोंडून गेलं, "त्या अंगाला शे." डिप्टीसाहेबांना ते ऐकूही गेलं नसेल. पण मास्तर पुढे झाले आणि छत्री माझ्याकडे रोखून म्हणाले, "हे आमचे पाटील. यांचा उगम वडखेड्यास झाला. शुद्ध मराठीशी संगम अद्याप व्हायचा आहे." सगळे हसले. मीही हसलो, कारण नाही हसलो तर आणखी हसले असते. त्या दिवसापासून कोणीही पाहुणा आला की मास्तर तेच वाक्य म्हणायचे. त्यात वाईट हेतू नव्हता. त्यांना ते वाक्य जमलेलं वाटत होतं, एवढंच. पण मी ते विसरलो नाही. इथे सांगून टाकतो, मला त्यांचा राग होता आणि तो मी सांभाळून ठेवला होता.

अशात मास्तरांनी पुस्तक लिहायला घेतलं. तिसरीच्या मुलांसाठी जिल्ह्याचा भूगोल. नद्या, डोंगर, पिकं, बाजार आणि गावोगावच्या लोकांच्या चालीरीती. चालीरीतींसाठी गावांना जावं लागेल असं मी सुचवून पाहिलं. मास्तर म्हणाले, "गावं इथेच येतात की. तुम्ही आलात ना?" आणि मधल्या सुट्टीत वही उघडून त्यांनी मलाच बसवलं.

इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. पांझरेला आम्ही दगडी बंधारा घालतो आणि पाणी पाटानं शेतांत आणतो. पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडलेले असतात. त्यातल्या एकेका भागाला म्हणायचं फड. एका फडात एकच पीक, सगळ्या गावानं मिळून. प्रत्येक घराची पट्टी प्रत्येक फडात असते, त्यामुळे ऊस साधला तर सगळ्यांना साधतो आणि बुडाला तर सगळ्यांचा बुडतो. चैत्रात गाव बसतं आणि पंच ठरवतात, कोणत्या फडात यंदा कसली लावणी. पाणी बारीबारीनं मिळतं, आणि ते सोडायला पाटकरी असतो. यातला एकही नियम कागदावर नाही. आमच्या आजोबांच्या आजोबांपासून तोंडी चाललंय आणि कोणी कोणाचं डोकं फोडलेलं नाही.

"तुमच्या गावचं विशेष काय?" मास्तरांनी टाक शाईत बुडवत विचारलं.

"चार फड आहेत," मी म्हणालो.

त्यांच्या भुवया वर गेल्या. "चार? एवढ्याशा गावात?"

"पूर्वापार आहेत."

"आणि घरंदाज लोकसुद्धा जातात?"

"सगळंच गाव जातं. बायकाही जातात."

मास्तरांचा टाक थांबला. "बायका?"

"त्यांच्याशिवाय कसं होईल? चैत्रात बैठक बसते. कोणत्या फडात कोणती लावणी, ते पंच ठरवतात. मग ज्याची त्याची बारी लागते. एखाद्याची बारी पहाटेपर्यंत चालते."

"शिव शिव," मास्तर म्हणाले आणि लिहून घेतलं. आमच्या लोकांचे कष्ट ऐकून त्यांना देव आठवला असेल असं मला वाटलं.

दोन महिन्यांनी छापखान्यातून पुस्तकाची प्रुफं आली. मास्तरांचे डोळे अधू होत चालले होते, म्हणून तपासायचं काम माझ्याकडे. 'पांझरा खोऱ्यातील लोक' या धड्यात मी वाचलं:

"पांझरेकाठचे लोक कष्टाळू असले तरी करमणुकीचे अतोनात शौकीन आहेत. वडखेडे या लहानशा गावी पूर्वापार चार फड आहेत. दर वर्षी चैत्रात गावचे पंच बैठक भरवून कोणत्या फडात कोणती लावणी व्हावी हे ठरवितात. एकेक बारी पहाटेपर्यंत चालते व स्त्रियाही हजर असतात."

आधी मला कळेना. मग कळलं. माझ्या घामाळ, मुकाट गावाचा मास्तरांनी तमाशा केला होता, आणि तो माझ्याच तोंडून वदवून घेतला होता. मी लाल शाईचा टाक उचलला. आणि मग ती छत्री आठवली, आणि ते संगमाचं वाक्य. मी टाक ठेवून दिला. मनात म्हटलं, छापू दे. डिप्टीसाहेब वाचतील, कोणीतरी खदखदून हसेल, या वेळी मास्तरांकडे बघून हसेल. पानाच्या खाली मी लिहिलं, 'ठीक'.

कोणीच हसलं नाही. पुस्तक मंजूर झालं. शहरातल्या लोकांना फड म्हटलं की तमाशाचाच आठवतो, त्यांना त्यात चूक ती काय दिसणार? आणि आमच्या गावच्या शाळेतली पोरं गावाचं तेवढं वाक्य घोकायची, "वडखेडे या लहानशा गावी पूर्वापार चार फड आहेत." ते ऐकून म्हाताऱ्यांच्या छात्या फुगायच्या. आपलं गाव छापून आलं! बाकीचं वाचण्याइतकं कोणाला येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं त्यांना वाटलं, लावणी, बारी, बैठक, सगळं बरोबर तर आहे. शौकीन हा शब्द तेवढा कौतुकाचा असेल.

तीन वर्षं अशी गेली. हेडमास्तर निवृत्त व्हायला आले, त्यांच्या जागी कोपरकर मास्तर हे ठरल्यासारखं झालं, आणि पुस्तक जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना लावायचं घाटत होतं. आणि त्याच हिवाळ्यात आमच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला एका बड्या बागाईतदारानं केळीच्या बागेसाठी नवा पाट काढायची परवानगी मागितली. वडखेड्याला पाणी तीन फडांपुरतंच लागतं, उरलेलं मला द्या, असा त्याचा अर्ज. सरकारी कागदात आमचे तीनच फड होते हे खरं. मोजणीच्या वर्षी शेवटाकडचा पाट फुटलेला होता, म्हणून चौथ्या फडाची नोंद जिरायत अशी झाली होती. नंतर ती कोणी दुरुस्त केली नाही. आणि यंदाचा ऊस नेमका चौथ्या फडात ठरला होता. पाणी गेलं असतं तर सगळ्या गावाचा ऊस एका दमात वाळला असता.

आमचे सुका आबा तीस वर्षं पाटकरी होते. पागोट्यात बाभळीचा काटा खोचलेला, पायाच्या बोटांमधला चिखल कधीच न गेलेला असा माणूस. ते शाळेत मला शोधत आले.

"मास्तरनं पुस्तक दे माले," ते म्हणाले. "प्रांतसाहेब पुरावा मांगस. चार फड छापेल शेतस ना?"

"आबा, पुस्तक राहू द्या. माणसं साक्षीला न्या."

"मानसं खोटं बोलतस. छापेल खोटं ऱ्हास का कधी?"

मला सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर आबांनी विचारलं असतं, तुले माहीत व्हतं तर तू काबर गप बसना? मी पुस्तक काढून दिलं.

प्रांतसाहेब नवे होते, सोलापूरकडचे. कचेरी भरलेली होती आणि मी मागे दाराशी उभा होतो. आबांनी पुस्तक दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं, फूल वाहावं तसं. बागाईतदाराच्या वकिलांनी ते उचललं, चष्मा सारखा केला आणि पूर्ण उतारा खणखणीत वाचला. स्त्रियाही हजर असतात इथपर्यंत. कचेरी हसायला लागली. शिपाईसुद्धा हसला.

"चार फड आहेत हे तुम्हांला मान्य?" प्रांतसाहेबांनी ओठ दाबत विचारलं.

"बठ्ठा गावले मान्य शे, साहेब!" आबा छाती काढून म्हणाले.

"पहाटेपर्यंत चालतात?"

"पानी ऱ्हास तवलोंग चालतस."

हसण्याचा दुसरा लोंढा आला. वकील म्हणाले, "साहेब, शेतीचे फड तीन, ते सरकारी कागदात आहेत. हे पुस्तकातले फड घुंगरांचे. त्यांना केळीचं पाणी कशाला?" आबांना हसण्याचं कारण कळेना. ते इकडेतिकडे बघत स्वतःही थोडे हसले. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. प्रांतसाहेबांनी आठ दिवसांनी पुस्तकाच्या लेखकाला हजर करायला सांगितलं.

शाळेत बातमी आली तेव्हा मास्तर भडकले. "फड म्हणजे फड!" त्यांनी शब्दकोश मागवला, पान उघडलं आणि बोट ठेवलं. "तमासगिरांचा संच. वाचा!" त्याच शब्दाचे आणखी अर्थ खाली दिलेले होते. बोटाखाली झाकले गेले होते, आणि बोट उचलायची मास्तरांना गरज वाटली नाही. डिप्टीसाहेबांनीही हळूच निरोप धाडला की पुस्तक खात्यानं मंजूर केलेलं आहे, ते चुकीचं ठरलं तर सगळ्यांचीच शोभा होईल, तरी त्या दिवशी कोपरकरांना ताप यावा. मास्तरांनी तापाची तयारी केली. काकूंनी काढ्याचं सामानही आणलं.

दोन दिवसांनी सुका आबा सरळ वर्गात आले. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "मास्तर, तुम्हीन आमनं गाव दखेल शे का?"

"नकाशावर," मास्तर म्हणाले.

"नकाशावर बोट ठेवं तर बोटले पानी लागत नही. रविवारले चला."

मास्तर जातील असं मला वाटलं नव्हतं. पण 'शे' काढायलासुद्धा ते विसरले, इतका तो म्हातारा शांतपणे बोलला होता. रविवारी सकाळी आम्ही तिघे निघालो. मास्तर छत्री घेऊन पुढे, दर फर्लांगाला "आता आपण नैऋत्येला वळलो" असं जाहीर करत. आबा दर वेळी "हां मास्तर" म्हणायचे. दुपारी बंधारा आला. बंधाऱ्याच्या वर हिरवं, थंड, काठोकाठ पाणी होतं. मास्तर बघत राहिले.

"म्हणजे पाणी इथे असतं," ते म्हणाले. बावीस वर्षं त्यांनी ज्या नदीला कोरडी म्हणून मार्क कापले ती वर आमच्या शेतांत राबत होती, एवढं त्यांना त्या एका नजरेत समजलं.

आबांनी त्यांना पाटाच्या कडेनं खाली नेलं. एका ठिकाणी पाट ओलांडायचा होता. मास्तरांनी वहाणा काढल्या, धोतर वर घेतलं, पाण्यात पाय घातला आणि घसरले. आबांनी दंड धरला नसता तर सातही उपयोग एका वेळी झाले असते. भिजलेल्या धोतरानं ते चौथ्या फडाशी आले. तिथे चिखलात बायका ओळीनं उसाची कांडी पायानं दाबत होत्या. माझी आई त्यांत होती.

"हाऊ चौथा फड," आबा म्हणाले. "आनि हाई उसनी लावणी. नाचाले अठे फकत बगळा शेतस."

मास्तर बांधावर बसले. मग मला म्हणाले, "पाटील, मी लहानपणी भात लावलंय हो. आईबरोबर, गुडघाभर चिखलात. आम्ही त्याला लावणीच म्हणायचो." माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. मी आईला हाक मारून पाणी मागवलं आणि त्यांना प्यायला दिलं.

ठरलेल्या दिवशी मास्तरांना ताप आला नाही. कचेरीत ते उभे राहिले तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी घुंगरांचा आवाज काढला. मास्तरांनी तिकडे पाहिलं नाही. फड म्हणजे काय, पाट कुठून निघतो, बारी कशी लागते, चौथ्या फडाची जमीन कुठल्या दिशेला किती उतरते, सगळं त्यांनी सांगितलं, आणि बंधाऱ्यापासून शेवटच्या बांधापर्यंतचा नकाशा प्रांतसाहेबांच्या कागदावर काढून दिला. एकदाच चालून आले होते, तेवढ्यावर. आबा तो नकाशा उलटा धरून बघत होते तरी त्यांनी ओळखला.

"म्हणजे तुमच्या पुस्तकात चूक आहे?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

हा प्रश्न उभ्या जन्मात त्यांना कोणी विचारला नव्हता. वकील टाक सरसावून बसले होते.

"चूक माझ्यात आहे," मास्तर म्हणाले. "पुस्तकात ती छापली आहे, एवढंच. न बघता लिहिलं. लिहून घ्या."

चौथा फड कागदावर चढला. प्रांतसाहेब स्वतः येऊन जमीन बघून गेले आणि बागाईतदाराचा अर्ज फेटाळला गेला. गावानं मास्तरांना गुळाची ढेप पाठवली. खात्यानं पुस्तक काढून टाकलं. डिप्टीसाहेबांची मास्तरांनी जी शोभा केली तिची परतफेड म्हणून मास्तरांची बदली साक्रीच्या पलीकडे, पांझरेच्याच काठी, एका दोन-शिक्षकी शाळेत झाली. धुळ्यातली पोरं जाता जाता त्यांना तमाशामास्तर म्हणाली. आणि हेडमास्तरची जागा मला मिळाली. ती मी घेतली.

त्यानंतर दोन वर्षांनी शिमग्याच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. गावच्या शाळेच्या ओट्यावर सुका आबा बसलेले दिसले आणि त्यांच्या शेजारी पोरांच्या तरटावर मांडी घालून कोपरकर मास्तर. अंगानं वाळले होते. समोर त्यांच्याच भूगोलाच्या पंधरा-वीस फाटक्या प्रती. खात्यानं पुस्तक बंद केलं होतं, पण गावाकडे थोरल्याचं पुस्तक धाकटा वापरतो, धाकट्याचं शेजारचा, त्यामुळे ती जुनी पुस्तकं घरोघर चालूच होती. मास्तर सुट्टी पडली की नदीच्या काठानं एकेक गाव घ्यायचे आणि प्रत्येक प्रतीतला तो उतारा खोडून समासात स्वतःच्या हातानं नवा लिहायचे. तोवर सात गावं झाली होती, असं आबांनी सांगितलं. मास्तर लिहीत होते आणि आबा प्रत्येक प्रत उन्हात धरून शाई वाळवत होते.

"या पाटील," मास्तर म्हणाले. "पूर्वेला बसा, सावली आहे."

मी बसलो. त्यांनी चारेक प्रती पुऱ्या केल्या. मग टाक थांबवून, वर न बघता म्हणाले, "एक विचारायचं राहून गेलं होतं. प्रुफं तुम्ही पाहिली होती. गाव तुमचं. तुमच्या नजरेतून हे सुटलं कसं?"

त्यात टोमणा नव्हता. वर्गात एखाद्या हुशार मुलाची बेरीज चुकली की ते असंच विचारायचे. आबाही माझ्याकडे बघत होते, शाई वाळवता वाळवता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. भर कचेरीत या माणसानं ते सांगितलं होतं, आणि इथे तर ऐकायला दोनच म्हातारे होते.

"घाईत वाचली असतील," मी म्हणालो.

"होतं असं," मास्तर म्हणाले. "छापखानेवाले फार घाई करतात." आणि त्यांनी पुढची प्रत ओढून घेतली.